सत्तावन्न किलोंचा प्रश्न : हलक्या मल्लाचे भवितव्य कोणी ठरवायचे? (थ्रेड)

१९६१ साली तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पहिला 'महाराष्ट्र केसरी' ठरला. नव्या राज्याची स्थापना होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. मराठवाडा तर त्याच्या तेरा वर्षे आधीपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. अशा शहरात राज्याचा पहिला अजिंक्य मल्ल ठरावा, ही घटना आखाड्याच्या बाहेरही अर्थपूर्ण होती. तो मान सांगलीच्या दिनकर दह्यारी यांनी मिळवला, आणि त्या दिवसापासून महाराष्ट्राच्या कुस्तीला एक शिखर लाभले. पुढे या किताबाला चांदीची गदा जोडली गेली. खेड्यापाड्यांतील तालमींत घुमणाऱ्या पोरांच्या डोळ्यांपुढे आजही तीच गदा असते.

त्याच १९६१ साली स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा मल्ल पस्तीस वर्षांचा होता. तो पोलीस खात्यात नोकरी करत होता. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. हेलसिंकीत ज्या गटात त्यांनी पदक जिंकले, त्याची वजनमर्यादा होती ५७ किलो. औरंगाबादेत जो किताब जन्माला आला, तो अशा शरीराच्या माणसासाठी नव्हता. आजही महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोंचा आहे. ५७ किलोंचा मल्ल त्याच अधिवेशनात आपल्या गटात सुवर्णपदक जिंकू शकतो, गदा मात्र त्याच्या खांद्यावर येत नाही.

हा थ्रेड त्या ५७ किलोंविषयी आहे. ज्याच्या भवितव्याबद्दल कुस्तीशौकिनांनी पारावर, तालमीच्या ओट्यावर आणि निवड समितीच्या खोल्यांत वर्षानुवर्षे वाद घातला, त्या हलक्या मल्लाविषयी आहे.

प्रथम हा वाद निर्माण का होतो, ते पाहू. जत्रेतील कुस्तीचे मैदान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिथली चढण ठाऊक असते. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या सुरू होतात. त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. ऊन कलते तसे इनाम वाढत जाते आणि मल्लांचा आकारही वाढत जातो. सर्वांत शेवटी, दिवेलागणीच्या सुमारास, एक नंबरची कुस्ती लागते. हलगीचा कडकडाट तिच्यासाठी असतो, फेटे तिच्यासाठी असतात आणि मोठी रक्कमही तिच्याचसाठी असते. जोड लावणारे पंच वजनकाटा वापरत नाहीत. ते नजरेने अंगलट जोखतात आणि तुल्यबळ जोड्या लावतात. या व्यवस्थेत अन्याय असा काही नाही, मात्र तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. लहान अंगाची कुस्ती ही मोठ्या कुस्तीची पूर्वतयारी, असे ते गृहीतक. हलका मल्ल म्हणजे अजून मोठा न झालेला मल्ल! पंचविशीतही जो साठ किलोंच्या आतच राहिला, त्याचे पुढे काय, या प्रश्नाला जत्रेकडे उत्तर नव्हते.

ऑलिम्पिकमध्ये हिशेब उलटा आहे. तिथे प्रत्येक वजनगटाचे सुवर्णपदक सारख्याच मोलाचे. त्यामुळे हलक्या भारतीय मल्लापुढे एक विचित्र परिस्थिती उभी राहिली. त्याचे खरे मैदान घरापासून हजारो मैल दूर होते आणि तिथे जाण्याचा खर्च मात्र घरच्यांनी करायचा होता. ज्यांनी तो करायचा, त्यांच्या डोळ्यांना तर तो मल्ल अर्धाच दिसत होता.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यातल्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल, त्यामुळे मातीची ओळख घरातच झाली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची कुस्ती घडली. उंचीने बेताचे, अंगाने सडपातळ, पण विलक्षण चपळ. त्यांची 'ढाक' प्रसिद्ध होती. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत जखडायची आणि क्षणार्धात त्याला पाठीवर फेकायचे, हा डाव ताकदीपेक्षा वेळेच्या अचूक जाणिवेवर चालतो. हलक्या मल्लाला तो शोभतो.

१९४८ साली लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाच्या खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांचा हातभार लागला. लंडनमध्ये त्यांनी प्रथमच मॅटवरची आंतरराष्ट्रीय कुस्ती अनुभवली. लाल मातीत पाय रुततो, पकड वेगळी बसते, दम वेगळ्या रीतीने लागतो. मॅटवर पाय सटकतो आणि गुण मोजले जातात. तिथे अमेरिकेचे रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. फ्लायवेट म्हणजे ५२ किलोंच्या गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांची डाळ शिजली नाही. अखेर सहावा क्रमांक.

सहावा क्रमांक! हा आकडा कसा वाचायचा, यावरच पुढील चार वर्षांचा वाद उभा राहिला.

शंका घेणाऱ्यांची बाजू पोकळ होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सहाव्या क्रमांकाला पदक मिळत नाही. पुढील ऑलिम्पिकपर्यंत मल्ल सव्वीस वर्षांचा होणार होता. अंग भरल्यामुळे तो फ्लायवेटमध्ये राहणार नव्हता, म्हणजे वरच्या बँटमवेट गटात नव्या प्रतिस्पर्ध्यांशी गाठ. सरावाला मॅट नाही, परदेशी मल्लांशी झुंजण्याची संधी नाही. गरीब आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने हॉकीसारखा हमखास सुवर्ण देणारा खेळ सोडून अशा मल्लावर हजारो रुपये का लावावेत, हा प्रश्न तेव्हा कोणालाही सुचला असता.

विश्वास ठेवणाऱ्यांची बाजू याच आकड्याकडे दुसऱ्या टोकाने पाहत होती. ज्याने आयुष्यभर मातीत कुस्ती केली, तो परक्या पृष्ठभागावर, परक्या नियमांखाली पहिल्याच खेपेस जगात सहावा आला. त्याला चार वर्षे दिली तर? वजनगट बदलला म्हणजे शरीर परिपक्व झाले. आणि एक गोष्ट आकड्यात दिसत नव्हती. मातीतील कुस्ती चीतपटीची. पाठ जमिनीला लागल्याखेरीज तिथे निकाल नाही. गुण गोळा करण्याची सवय नसलेल्या मल्लाची ही उणीव वाटत होती. हेलसिंकीत ती कशी उपयोगी पडली, ते पुढे येईलच.

दरम्यान आणखी एक बदल घडला होता आणि त्याची चर्चा खाशाबांच्या चरित्रांत फारशी होत नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजर्षी शाहू महाराजांपासून या संस्थानाने मल्ल पोसले होते, खासबागेसारखे भव्य मैदान उभे केले होते. १९४८ मध्ये लंडनला निघालेल्या मल्लाच्या पाठीशी एक दरबार होता. १९५२ मध्ये तो दरबार उरला नव्हता आणि त्याची जागा घेणारी सरकारी क्रीडाव्यवस्था अजून जन्मली नव्हती. लोकशाही आली, ते योग्यच झाले. मात्र जुना आश्रय संपून नवा सुरू होण्याच्या मधल्या पोकळीत जे सापडले, त्यांत हा ५७ किलोंचा मल्ल होता.

निवडीच्या वेळी वाद पेटला. मद्रास येथील स्पर्धेत कलकत्त्याच्या निरंजन दासच्या तुलनेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, असा खाशाबांचा आरोप होता. अशा आरोपाचा निवाडा सत्तर वर्षांनंतर करता येत नाही. चीतपटीच्या जगातून आलेल्या माणसाला एका गुणाने भवितव्य ठरावे, हे किती परके वाटले असेल, एवढे मात्र समजते. त्यांनी दाद मागितली ती पतियाळाच्या महाराजांकडे. यादविंद्रसिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि स्वतः खेळाडू होते. चाचणी कुस्ती झाली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला लोळवले आणि त्यांचे नाव संघात आले. वाद जिंकला गेला तो डावाने. हे भाग्य प्रत्येक मल्लाच्या वाट्याला येत नाही. ते पुढे पाटोद्याच्या गोष्टीत दिसेल.

नाव आले, पैसा आला नाही. खाशाबा मदतीसाठी दारोदार फिरले. सरकारदरबारी पुरेशी मदत मिळाली नाही. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आणि कराड परिसरातील लोकांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगितले जाते. प्राचार्यांना कुस्तीतले किती कळत होते, हा मुद्दा गौण आहे. त्यांनी त्या काळच्या सगळ्या वादात एका बाजूला आपले राहते घर ठेवले. कट्ट्यावर मत देणे आणि मतापायी छप्पर गहाण टाकणे, यांत काय अंतर असते ते शौकिनांनी स्वतःच मोजावे.

जुलै १९५२. हेलसिंकी. बँटमवेट, फ्रीस्टाइल.

पहिली गाठ कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनशी. कुस्तीची मुदत पंधरा मिनिटे. खाशाबांनी त्याला चीत केले ते १४ मिनिटे २५ सेकंदांनी, म्हणजे अवघे ३५ सेकंद शिल्लक असताना! दुसरा मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो, तो ५ मिनिटे २० सेकंदांत पाठीवर गेला. इथे त्या काळचा नियम समजून घ्यायला हवा. तेव्हा मल्लांच्या नावावर बाद गुण चढत आणि ते ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले की मल्ल स्पर्धेबाहेर जाई. हरणाऱ्याला बाद गुण मिळतच, पण केवळ पंचांच्या कौलाने जिंकणाऱ्यालाही थोडा दंड बसे. चीतपट करणाऱ्याची पाटी तेवढी कोरी राहत असे. अखेरच्या मिनिटातही गुणांवर समाधान न मानता प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवण्याच्या मागे लागणे, ही गोळेश्वरच्या मातीची सवय होती. जी उणीव मानली गेली होती, तिनेच पहिल्या दोन फेऱ्यांनंतर खाशाबांची पाटी कोरी ठेवली.

पुढे जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला त्यांनी हरवले. मग जपानचा शोहाची इशी आला. ज्युडोतून कुस्तीत आलेला हा मल्ल पुढे त्या गटाचे सुवर्ण घेऊन गेला. हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक. त्याच्याशी खाशाबांची झुंज दीर्घकाळ चालली आणि निकाल निसटता विरोधात गेला. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभे केले गेले, आणि नियमावर बोट ठेवून आक्षेप घेण्यासाठी तिथे एकही भारतीय पदाधिकारी हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, जाधवांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२.

त्याच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. या नावापाशी थोडे थांबायला हवे. हलक्या गटातील दोन मराठी मल्ल एकाच वेळी जगातील पहिल्या चारांत होते. महाराष्ट्राच्या कुस्तीच्या इतिहासात असा आठवडा पुन्हा आलेला नाही. तरीही माणगावे हे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांत एवढेच अंतर असते.

खाशाबा परतले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही संख्या त्या परिसरात आजही अभिमानाने सांगितली जाते. मिरवणुकीनंतर खाशाबांनी जे केले, ते अधिक बोलके आहे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लढले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले. हेलसिंकीचे कर्ज फेडायला पुन्हा जत्रेतील माती कामी आली. ज्या व्यवस्थेने त्यांना अर्धा मल्ल मानले, तिच्याच शौकिनांनी तिकिटे काढून हे घर सोडवायला मदत केली, ही गोष्टही विसरता कामा नये.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढील ऑलिम्पिकची वाट बंद झाली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. पद्म पुरस्कार त्यांना हयातीत मिळालाच नाही. भारताच्या पुढच्या वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी १९९६ उजाडावे लागले, ते टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळवले. कुस्तीतील पुढचे पदक तर २००८ चे, सुशील कुमार यांचे. छप्पन्न वर्षांची ही पोकळी पाहिली की १९५२ च्या त्या वादात किती थोडक्याने उजवी बाजू जिंकली होती, हे ध्यानात येते.

आता औरंगाबादेतील १९६१ च्या मैदानाकडे पुन्हा वळू. महाराष्ट्र केसरीने कुस्तीचे भले केले, यात संशय नाही. दरबार गेल्यानंतर मल्लाला राज्यव्यापी मान देणारी हीच पहिली टिकाऊ संस्था. मारुती माने, गणपतराव आंदळकर अशा भारदस्त मल्लांच्या कर्तृत्वाने ते दशक उजळले आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी पदकेही आणली. भारी मल्लांनी मान फुकट मिळवला नाही. अडचण एवढीच की राज्याने आपल्या कुस्तीचे सर्वोच्च शिखर नेमके त्या वजनगटात उभारले, ज्यात जागतिक स्पर्धेत आपला निभाव लागणे सर्वांत कठीण. ज्या वजनात एक पदक आधीच आले होते, त्याच्यासाठी शिखरच नव्हते. परिणाम साधा. वस्ताद चांगल्या पोराला खुराक वाढवायला सांगणार, त्याचे वजन वाढवणार. दूध, बदाम, तूप, जोर, बैठका, सगळे गदेच्या दिशेने. हलके राहून मोठे होण्याचा मार्ग घराण्याच्या हट्टानेच कोणी धरला तर धरला.

असा हट्ट मराठवाड्यातच, बीड जिल्ह्यातील पाटोद्यात धरला गेला. बाळासाहेब आवारे हे मल्ल. त्यांनी मुलाला, राहुलला, मातीत उतरवले. पुढे राहुल पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे गेले. बिराजदार लातूर जिल्ह्यातले, १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि रुस्तुम-ए-हिंद. गंमत पाहा, गदा खांद्यावर घेतलेल्या या भारी मल्लाने आपला जीव लावला तो सडपातळ शिष्याला. २००८ मध्ये पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत राहुल आवारे यांनी सुवर्ण जिंकले. आता पोर ऑलिम्पिकला जाणार, असे मराठवाडाच काय, सारा महाराष्ट्र बोलू लागला.

ते घडले नाही. २०११ मध्ये बिराजदार गेले आणि पुढे काका पवार यांनी शिष्याची जबाबदारी घेतली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला ५५ किलो गटात गेले अमित कुमार. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोंचे सुवर्णही त्यांचेच. २०१६ च्या रिओसाठी ५७ किलोंची जागा पात्रता स्पर्धेतून मिळवली ती संदीप तोमर यांनी. दर वेळी दार उघडले आणि दर वेळी आत दुसराच गेला.

इथे १९५१-५२ चा वाद नव्या रूपात परत आला. एका गटाचे म्हणणे असे की महाराष्ट्राच्या मल्लावर दिल्लीत अन्याय होतो. शिबिरे उत्तरेत, महासंघ उत्तरेत, प्रशिक्षक उत्तरेचे, मग आपल्या पोराची बाजू मांडणार कोण? रिओच्या वेळी ही भावना अतिशय तीव्र होती. दुसरा गट म्हणे, जागा ज्याने मिळवली तो गेला, यात अन्याय कसला? आणि तिसरे, हळू आवाजातले मत होते, की आवारेंचा काळ संपत आला आहे. उमेदीची वर्षे गेली, दुखापती झाल्या, आता पोलिसात नोकरी धरावी.

या वादात एक भूगोल नजरेआड होत होता. अमित कुमार हरियाणातील सोनीपत जिल्ह्याच्या नाहरी गावचे. पुढे ५७ किलोंत आलेले रवी दहिया हेही त्याच नाहरीचे! एका खेड्याने एकामागून एक जागतिक दर्जाचे हलके मल्ल दिले. त्या भागात हलक्या अंगाच्या पोराला 'आणखी वजन वाढव' असे न सांगता 'याच वजनात जगात पहिला ये' असे सांगणारी व्यवस्था तयार झाली होती. दिल्लीचे छत्रसाल स्टेडियम तिचे केंद्र. तेव्हा आवारेंची स्पर्धा कोणा एका मल्लाशी नव्हती. तालमींतील पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेगळ्या सवयीशी ते एकटे झुंजत होते. अन्यायाची तक्रार खरी असेलही, तिच्यामागे मात्र ही मोठी आणि अधिक अवघड गोष्ट उभी होती.

१२ एप्रिल २०१८, गोल्ड कोस्ट. राष्ट्रकुल स्पर्धेत अखेर पाठवल्या गेलेल्या आवारेंनी ५७ किलोंच्या अंतिम लढतीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवले. सुवर्णपदक गळ्यात पडले तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत. ते पदक त्यांनी दिवंगत गुरू बिराजदारांना अर्पण केले. कारकीर्द संपली म्हणणारे गप्प झाले, निदान काही महिने तरी.

सप्टेंबर २०१९, नूर-सुलतान, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. आवारेंनी अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असे नमवून कांस्यपदक जिंकले. त्या स्पर्धेत भारताने पाच पदके मिळवली आणि त्यांतील एक पाटोद्याचे होते. जागतिक पदक! प्रश्न सुटला असे वाटण्याचा तो क्षण. पण वजनगट होता ६१ किलो, आणि ऑलिम्पिकमध्ये ६१ किलो हा गटच नाही. तिथे ५७ नंतर थेट ६५. त्याच स्पर्धेत ५७ किलोंचे कांस्य रवी दहियांनी घेतले आणि त्यासोबत भारतासाठी टोकियोची जागाही.

पुन्हा वाद. आवारेंनी चार किलो खाली उतरावे की चार किलो वर चढावे? खाली उतरले तर दहिया, वर चढले तर बजरंग पुनिया, दोघेही जगातील अव्वल मल्ल. खाली उतरणे म्हणजे शरीरातील पाणी पिळून काढणे आणि दमछाक पत्करून मॅटवर उभे राहणे. वर चढणे म्हणजे अंगाने थोराड मल्लांना उचलणे. काट्यावरच्या दोन आकड्यांच्या मधोमध एक जागतिक पदकविजेता अडकला होता. २०२० मध्ये दिल्लीतील आशियाई स्पर्धेत त्यांनी ६१ किलोंतच आणखी एक कांस्य जिंकले, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. पोलीस उपअधीक्षकपदाची वर्दी अंगावर चढली होती. टोकियोला गेले रवी दहिया आणि ५ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांनी रौप्य आणले. निवड चुकली होती, असे आता कोणीच म्हणू शकत नव्हते. आवारे कमी पडले, असेही म्हणता येत नव्हते. काही वादांत दोन्ही बाजू बरोबर असतात, आणि तेव्हा मल्लाच्या पदरात काही पडत नाही.

ऑगस्ट २०२४, पॅरिस. ५७ किलो गटात भारताचे अमन सेहरावत. हेही छत्रसालचेच. उपान्त्य लढत हरल्यानंतर त्यांचे वजन ६१.५ किलो भरले आणि कांस्यपदकाच्या लढतीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर चढायचे होते. रात्रभर प्रशिक्षकांनी त्यांना झोपू दिले नाही. मॅटवर सराव, मग बाष्पस्नान, मग धावणे, पुन्हा बाष्पस्नान. दहा तासांत ४.६ किलो उतरवून ते मर्यादेत आले आणि ९ ऑगस्टला प्युएर्तो रिकोच्या डॅरियन क्रूझला १३-५ असे हरवून त्यांनी कांस्य जिंकले. खाशाबांच्याच वजनात, खाशाबांच्याच रंगाचे पदक, बहात्तर वर्षांनी. ६१ आणि ५७ यांमधले जे अंतर पाटोद्याच्या मल्लाला टोकियोपासून दूर ठेवून गेले, ते इथे एका रात्रीत कापले गेले. त्यासाठी प्रशिक्षकांचा ताफा रात्रभर जागा होता. हेलसिंकीत खाशाबांच्या बाजूने नियम वाचून दाखवायला एकही माणूस नव्हता.